कमरेएवढा ओटा

शेठनं लाथ मारली ती क्रेटला. क्रेटवर मी बसले होते.

पडले ती थेट चिलापी माशांच्या खवल्यांत. उजनीच्या काठावर, इंदापूर तालुक्यात, मासे साफ करायची शेठची शेड. ओल्या फरशीवर फळी, हातात सुरी. दिवसभर उकिडवं बसायचं. त्या दिवशी गुडघे सोसेनात, म्हणून रिकामा क्रेट पालथा घालून टेकले होते.

"माझ्या बरोबरीनं बसती व्हय गं?" खुर्चीवरून शेठ म्हणाला.

शेजारी आई मासा चिरत होती. तिनं मान वर केली नाही. "बस खाली," एवढंच म्हणाली.

आई जन्मभर तशीच बसली. गेली तेव्हा तिरडीवर अंग सरळ होईना. गुडघे दाबले की पाठ उचलायची. पाठ दाबली की गुडघे वर. शेवटी दोघांनी जोर लावला. कट्ट. तो आवाज अजून येतो. भाकरी मोडताना. सुरी काट्यावरून जाताना.

सौदा कधी करायचा ते मला कळतं. आईनंतर एका सकाळी मासे न्यायची गाडी दारात उभी होती, बर्फ वितळत होता. मी सुरी खाली ठेवली.

"काय पायजे? दर?" शेठनं विचारलं.

"दर न्हाय. ओटा बांधा. कमरंएवढा. आमी समद्या उभ्यानं कापणार."

"मग तुमच्याशी बोलाया मी शिडी लावू व्हय?" तो हसला. मग हळूच म्हणाला, "तू एकटी स्टूल घे. बाकीच्यांचं कशाला मधी आणती?"

मी घेतलं. लिहायला लाज वाटते, पण घेतलं. गाडी वेळेवर भरली.

दुसऱ्या दिवशी स्टुलावरून बायका पहिल्यांदा वरून दिसल्या. तोंडं नाहीत, नुसत्या पाठी. प्रत्येक पाठ आईची.

आईच्या जोडीची सखूमावशी खालून म्हणाली, "वरनं बरं दिसतंय का, मालकीणबाई?"

मी उठले. स्टूल शेठच्या खुर्चीपुढं आदळलं.

"ही तुमची लाच. ठेवा तुमच्यापाशी."

सखूमावशीनं सुरी टाकली. भिंत धरून उठू लागली. मी हात दिला. तिचे गुडघे वाजले. कट्ट.

मागोमाग सगळ्याजणी उठल्या. तेव्हापासून शेड बंद आहे. शेठचे निरोप येतात. एकच उत्तर देते, आधी ओटा. तोवर मी मासा कापणार नाही, कुणाला कापू देणार नाही. मी मरेन तेव्हा माझे गुडघे कुणाला दाबावे लागणार नाहीत.