एका खिळ्यावर तीन सुतळ्या

हे कोणालाही सांगायचं नाही, असं आईनं माझ्याकडून दोनदा कबूल करून घेतलं आहे. पण मनात ठेवून ठेवून माझंच पोट दुखायला लागलं. तुम्ही आमच्या गावचे नाही ना? मग ऐका. हसायचं असेल तर हळू हसा, मधल्या खोलीत आजी आहे.

माझी शाळा राळेगावला. तिथं आरोग्याच्या तासाला एक नर्सताई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ब्रा कधी अंदाजानं घेऊ नका. चुकीच्या मापाची असली की पट्टे रुततात, खांदे दुखतात. घरी टेप नसेल तर दोरीनं मोजा आणि दोरी पट्टीवर ठेवा. आपल्या आयांनाही सांगा. मी मान खाली घालून सगळं वहीत उतरवून घेतलं. अक्षर मात्र सुंदर!

लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आईचे खांदे होते. दोन्हीकडे लाल वळ. आई ब्राला ‘बॉडी’ म्हणते, तेही कानात. बाजारात पदराआडून बोट दाखवायचं, दुकानदार देईल ती पिशवीत कोंबायची आणि वर्षभर सोसायची. इकडे पोळा जवळ आला म्हणून बाबा रोज ठाणेदाराचे खांदे चोळत बसायचे. ठाणेदार म्हणजे आमचा बैल.

“बैलाच्या खांद्याची कायजी साऱ्याइले,” आई म्हणाली. “माह्या खांद्याले कोन पुसते?”

मी पुसलं! दार लावलं आणि सुतळी घेतली. एक छातीच्या खाली, घट्ट. एक छातीवरून, सैल. आई एवढी हसत होती की सुतळी जागेवर राहीना.

“हळू व पोरी, गुदगुल्या होते!”

तेवढ्यात दारावर आजीची थाप. “काय करून राह्यल्या व मायलेकी?”

मी घाबरून दोन्ही सुतळ्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवल्या. त्या खिळ्यावर आधीच काही लटकतंय का, हे बघायला वेळ कोणाला होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी खिळ्यावर दोन सुतळ्या होत्या. माझ्याही दोनच होत्या. म्हणजे हिशेब बरोबर! गणितात मी वर्गात पहिली आहे, सहज सांगते.

लहान सुतळी भरली बत्तीस इंच. मोठी भरली शेहेचाळीस.

मी पट्टी खाली ठेवली.

ताईंनी सांगितलं होतं, दोन मापांत एक इंच फरक असेल तर ‘ए’, दोन असेल तर ‘बी’, असं पुढे मोजत जायचं. मी बोटांवर मोजत गेले. दोन्ही हातांची बोटं संपली. पायांवर आले. ‘एन’! एवढी अक्षरं कोणाला लागतात का हो? सुतळी मी तीनदा मोजली. आईला पुन्हा एकदा मोजावं, हे काही सुचलं नाही. आई तर शेतात निंदायला गेली होती.

शाळा सुटल्यावर बायकांच्या कपड्यांच्या दुकानात गेले. तिथं एक काकू बसतात. चिठ्ठी पुढे सरकवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“कोनाचं माप हाय बेटा?”

“आईचं.”

“मायचं आनलं का म्हशीचं?”

माझे कान पेटले. चिठ्ठी उचलली आणि सरळ बस गाठली. रस्ताभर एकच विचार. काल तर आई बरी होती. एका रात्रीत एवढी सूज?

घरी पोचले तर आई चुलीपाशी. मी तिचा हातच धरला. “आई, उद्याच्या उद्या दवाखान्यात जाऊ.”

“काहून? कोनाले काय झालं?”

“तुला सूज आली आहे! ‘एन’पर्यंत!”

आई काही बोलणार, तोच अंगणातून बाबांची आरोळी आली. “अबे, ठाणेदाराले सूज आली!”

आता आईपण हबकली. आम्ही दाराशी धावलो. अंगणात चार माणसं जमलेली. बाबा नवी कोरी घुंगरमाळ ठाणेदाराच्या गळ्यात ओढून बसवत होते आणि माळेची दोन टोकं काही केल्या भेटत नव्हती. पोळा दुसऱ्या दिवशी!

“घटसर्प तं नाही?” शेजारचे नानाकाका म्हणाले. त्या रोगात जनावराचा गळा सुजतो. बाबांचा चेहरा पांढरा पडला.

“म्या सोता गळ्याचं माप घेतलं, खिळ्याले टांगलं, सकाळी काढून दुकानात नेलं!” आणि बाबांनी सुतळी सगळ्यांसमोर उंच धरली. “हे पाय!”

मी ती सुतळी ओळखली. आईनंही ओळखली.

नानाकाका ती वीत वीत मोजू लागले. आईनं पदराचा बोळा तोंडात धरला. मग तिनंच धीर केला. “अहो, डाक्टरले नका बलावू! सुतळी बदलली. बैलाची घरात हाय.”

“मंग हे कशाची?”

सगळी माणसं दाराकडे बघायला लागली.

“पोरीच्या शाळेची,” आई म्हणाली. “गनिताची!”

नानाकाकांनी सुतळी मानानं घडी करून माझ्या हातात दिली. “शिक्षन लय सुधारलं, बाप्पा!”

पुढचं सगळं नीट झालं. आईला पुन्हा मोजलं, सुतळ्या परत त्याच खिळ्याला टांगल्या, काकूंकडून योग्य मापाची आणली. छातीखालच्या पट्ट्यात दोन बोटं गेली, हात वर केले तरी मागून चढली नाही. खांद्यावरचे वळ गेले. ठाणेदाराला दुसरी माळ आली. पहिली आमच्या लहान गोऱ्ह्याच्या गळ्यात बरोबर बसली.

म्हणजे आता रोज सकाळ-संध्याकाळ तो गोऱ्हा आईच्या मापाची माळ घालून, छुम छुम करत अख्ख्या गावातून फिरतो! आई डोळे वटारून माझ्याकडे बघते. पण माझ्या तोंडातून मी एक अक्षर काढलेलं नाही, आणि यापुढेही तुम्हाला सोडून कोणालाच—

“पल्ले! बाबा तुह्यासाठी दप्तराले सुतळी पाहून राह्यले व!”

आले आई, आले! बाबा, त्या खिळ्याला हात नका ला