पुढे सरकवलेला पेला

हे गेले तेव्हा सकाळ होती, दूध नुकतंच तापवून झालं होतं. सुशी आदल्याच दिवशी बदलायचे कपडे आणायला शीवला गेली होती. सुशी म्हणजे माझी नणंद, यांची एकुलती एक धाकटी बहीण. मी तिला फोन लावला आणि म्हणाले, "सुशी, दादा गेला." पलीकडून तिच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "वहिनी, त्याला एक सांगायचं होतं. राहूनच गेलं बघ." काय राहून गेलं ते मला ठाऊक होतं. त्यामागची गोष्ट आमच्या चर्चच्या मंडळीत दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही, आणि म्हणूनच गेली दोन वर्षं लोकांनी यांच्याबद्दल हवं ते मानून घेतलं. आज लिहायला बसले आहे ती सुशीला विचारूनच. ती म्हणाली, "लिही. फक्त मला बिचारी करू नकोस."

परळच्या आमच्या चर्चमध्ये हे पंचवीस वर्षं मंडळीचे वडील होते. वडील म्हणजे पाळकांच्या, आमच्या धर्मगुरूंच्या, बरोबरीने मंडळीची काळजी वाहणारे, आजाऱ्याच्या घरी जाणारे, भांडण झालं तर दोन्हीकडे चहा पिऊन येणारे. फोर्टमधल्या विमा कंपनीत कारकुनी करून निवृत्त झालेला हा माणूस रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात उभा राहिला, की मला मनातून फार बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, त्या मानात मीही वाटेकरी होते. बायका मला सरकून जागा द्यायच्या. आम्हाला मूलबाळ नाही. आमचं घर तिघांचं… हे, मी आणि सुशी. ती लालबागला म्युनिसिपल शाळेत शिक्षिका होती. तरुणपणी तिचं लग्न ठरता ठरता मोडलं, मग तिने विषयच काढू दिला नाही, एवढंच मला लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी सांगितलं होतं. गाणं तिचं फार चांगलं. यांचा सूर कुठल्या कुठे जायचा, म्हणून चर्चमध्ये ती मुद्दाम यांच्या शेजारी उभी राहून जरा मोठ्याने गायची. भावावर तिचा इतका जीव होता की कधीकधी मला त्याचा हेवा वाटायचा.

पंचवीस वर्षं झाली म्हणून मंडळीने यांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळाऐवजी पुष्पगुच्छ, नंतर सगळ्यांना जेवण. घरच्यांतर्फे सुशीने चार शब्द बोलायचे होते. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, स्वयंपाकघरात आम्ही तिघं मटार सोलत बसलो होतो आणि सुशी भाषणाची तालीम करत होती. शिक्षिकाच ती, हातवारे करून बोलत होती. "माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा बाबा खचले, मी खचले. तेव्हा दादा एकटा माझ्यामागे उभा राहिला. दादा नसता तर…"

"सुशी, ते वाक्य काढ," हे म्हणाले.

"का? खरंच आहे ते."

"खरं नाही." यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "दिलीप मागे फिरला नव्हता. तो आपल्याकडे आला होता, तू शाळेत होतीस. घरच्यांची समजूत घालून आला होता. मी त्याला जिन्यातच अडवलं. म्हटलं, सुशीने खूप प्रार्थना केली, देव तिला नाही म्हणतोय. आणि संध्याकाळी तुला सांगितलं, त्याच्या घरचे ऐकत नाहीत, तो नको म्हणतोय."

दिलीप हा सुशीला दादरच्या टायपिंगच्या क्लासमध्ये भेटलेला मुलगा. लालबागच्या चाळीतला, मालवणकडचा, वडील गिरणीत. त्या वर्षी माझे सासरे मंडळीचे वडील होणार होते, मुलीने धर्माबाहेर लग्न केलं तर ते होणार नाही असं यांना वाटलं. एवढंच कारण. सुशीने ते सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. तिने फक्त विचारलं, "देवाचं नाव घेतलंस?"

"हो."

"आणि त्याने विश्वास ठेवला?"

"लगेच."

इथे मला माझंही सांगायला हवं. समोर एका बाईचं अख्खं आयुष्य उलटंपालटं होत होतं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं… "मग उद्याच्या कार्यक्रमाचं काय?" सुशीने माझ्याकडे पाहिलं. ती नजर आठवली की आजही माझी मान खाली जाते. ती उठली, हात धुतले, पिशवी भरली आणि शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीकडे शीवला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं होतं, हे तब्येतीचं काहीतरी सांगून घरीच थांबतील. हे गेले. सत्काराची वेळ आली तेव्हा शाल घेऊन आलेल्या पाळकांना हाताने थांबवलं आणि म्हणाले, "हा मान मला नको. माझ्या हातून फार मोठं पाप झालं आहे आणि ते झाकून मी इतकी वर्षं इथे उभा राहिलो. ज्या माणसाचा अपराध केला त्या माणसाला काल सांगितलं. तुम्हाला तपशील सांगायचा अधिकार माझा नाही. आजपासून मी वडील नाही." एवढं बोलून हे येऊन सगळ्यात मागच्या बाकावर बसले. नंतर जेवण झालं, कारण स्वयंपाक झालेला होता. माझ्या पानात पुलाव वाढणाऱ्या बाईने माझ्याकडे इतक्या दयेने पाहिलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

पाप म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी सुचतात, पैसा किंवा बाई. यांच्या हातात मंडळीचा पैसा कधी नव्हता, म्हणून मग बाईच. सुशी घर सोडून गेली तीही त्याच कारणाने असणार, असं ठरलं. मला बायका कोपऱ्यात घेऊन म्हणायच्या, "धीर धर हो, देव बघतोय." मी घरी येऊन यांच्यावर चिडायचे. "सांगून टाका ना खरं काय ते. निदान मला तरी मान वर करून चालता येईल." हे शांतपणे म्हणायचे, "ते सुशीचं आहे. मी तिचं आयुष्य एकदा माझ्या सोयीने वापरलं. आता पुन्हा नाही." मला ते पटायचं नाही. पटत असूनही पटायचं नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीची थाळी आणि द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे बाकाबाकावरून फिरतो. आयुष्यभर जे हात तो ट्रे घेऊन फिरले, ते हात आता मागच्या बाकावर बसून तो शेजाऱ्याकडे सरकवून द्यायचे. हे भाकर घ्यायचे नाहीत, पेला घ्यायचे नाहीत. शेजारी बसलेली मी मात्र घाईघाईने घ्यायचे, जणू कुणी बघत होतं. कुणी विचारलंच तर मी सांगायचे, पित्त आहे यांना, आंबट चालत नाही. देवाच्या घरात, त्याच्याच भोजनाबद्दल, मी महिन्यामागून महिने खोटं बोलत राहिले. यांनी एकदा मला असं सांगताना ऐकलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "माझ्यासाठी खोटं नको बोलूस. माझं मीच पुष्कळ बोललोय."

दिलीपचा पत्ता शोधायला यांना बरेच दिवस लागले. तो घोडपदेवला राहत होता, मुलं मोठी झालेली. हे एकटे जायला धजेनात, म्हणून मी बरोबर गेले. दारात पांढऱ्या केसांचा, ठेंगणा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस आला. यांनी ओळख दिली तशी त्याने मागे वळून पाहिलं आणि दार ओढून घेत म्हणाला, "बाहेर बोलूया. मिसेस आत आहे." गॅलरीत उभ्याउभ्या यांनी सगळं सांगितलं. दिलीप कठड्यावर वाळत घातलेल्या टॉवेलला हात लावून उभा होता. शेवटी म्हणाला, "चूक तुमची होतीच. पण मी तिला एकदा विचारायला काय हरकत होती? नाही विचारलं. खरं सांगू का, घरच्यांची रोजची कटकट मिटली म्हणून तेव्हा मला थोडं सुटल्यासारखंच झालं होतं." मग विचारलं, "ती बरी आहे ना?" हे म्हणाले, बरी आहे, अजून गाते. तो मान हलवत आत गेला. परत येताना हे म्हणाले, "त्याने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. स्वतःकडेच अर्धा दोष घेतला त्याने. आता तो अर्धाही मलाच जड झालाय."

मी यांना कितीदा म्हटलं, शीवला जा, बहिणीचे पाय धरा, एकदाचं संपवा. हे जायचे नाहीत. मला वाटायचं, अहंकार आहे. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा म्हणाले, "मी पाय धरले की तिला मला उठवावंच लागेल. ती चांगली आहे, ती उठवेल. मग ती माफीसुद्धा माझ्याच सोयीची होईल. मी संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवायचो, पाप कबूल केलं की ओझं उतरतं. उतरत नाही गं. कबूल केल्यावर ते किती आहे ते कळतं, इतकंच." आणि थोड्या वेळाने, "पण पूर्वी मी प्रार्थना करायचो ती भाषण केल्यासारखी. आता दोन शब्द बोलतो, पण समोर कुणीतरी ऐकतंय असं वाटतं." त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं, की मी ज्याला यांची अधोगती समजून लाजत होते, तिथे हा माणूस देवाच्या जवळ चालला होता आणि मी मात्र लोकांकडे बघत बसले होते.

मग यांच्या पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा फार काही करण्यासारखं उरलं नव्हतं. मी सुशीला फक्त कळवलं, ये म्हणाले नाही. तिसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन दारात उभी. आत आली, यांच्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला आणि मला म्हणाली, "पेज कुठल्या तांदळाची करतेस?" तेव्हापासून ती राहिली. भरवायची, पुसून काढायची, पाठ चोळून द्यायची. बोलायची मात्र कामापुरतंच. हेही काही मागायचे नाहीत.

एका दुपारी पाळक घरी आले, आजाऱ्यासाठी प्रभुभोजन घेऊन. यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "मी अजून घेत नाही," म्हणाले. पाळक तरुण आहेत, ते पेला हातात धरून तसेच उभे राहिले. सुशी पायाशी चादर नीट करत होती. ती पुढे आली, पाळकांच्या हातातला पेला घेतला आणि खाटेच्या कडेला बसली.

"दादा, इकडे बघ. मी तुला माफ केलेलं नाही. प्रयत्न करतेय, जमत नाही. पण तुझ्या आणि देवाच्या मध्ये मी उभी राहणार नाही. एकदा तू माझ्या आणि देवाच्या मध्ये उभा राहिलास, तेवढं पुरे झालं. घे."

यांनी घेतला. निम्मा रस हनुवटीवर सांडला, तो तिने पदराने टिपला. पाळकांनी प्रार्थना केली. मी दाराशी उभी होते. त्या खोलीत सगळ्यात कमी त्रास मला झाला होता आणि सगळ्यात जास्त गवगवा मी केला होता, हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

आता सुशी पुन्हा परळला आमच्या घरीच राहते. परवा म्हणाली, ते माफीचं वाक्य तिला अलीकडे जमेल असं वाटायला लागलं होतं, कपडे घेऊन आले की सांगू, असं तिने ठरवलं होतं. मी तिला काही समजावलं नाही.

हॉलच्या पुढे आमची छोटी गॅलरी आहे. शेवटच्या दोन वर्षांत हे पहाटे तिथे चटई टाकून गुडघ्यांवर बसायचे. मी चहा ठेवायला उठायचे तेव्हा कानावर दोनच शब्द पडायचे, सुशी आणि दिलीप. त्यापुढे काही मागणं नाही, नुसती नावं. हे गेल्यावर काही दिवस ती चटई गुंडाळून कोपऱ्यात होती. मग एका पहाटे मीच ती उलगडली. गुडघे दुखतात, म्हणून मांडी घालून बसते. सुशीचं नाव घेते, दिलीपचं घेते. आमच्या मंडळीत गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत, ते मला ठाऊक आहे. पण तिसरं नाव ओठांवर येतंच, आणि तिथे मी अडते. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना कधी नावाने हाक मारली नाही, तोंडाला सवयच नाही. पहिल्या दिवशी लाज वाटून नुसतीच बसून राहिले… आता हळू आवाजात म्हणते, मनोहर. देवाला पुढचं सांगावं लागत नाही.