दस्त्यातली खाच

त्या म्हाताऱ्याचं नाव मी विचारलं नाही, आणि मला ठाऊक असलेलं एक नाव त्याने सांगू दिलं नाही.

घरच्या परवान्याच्या रायफलचा दस्ता वाळवीने खाल्ला होता, आणि डुकरं तुरीत शिरत होती. म्हणून शेलूबाजारच्या भंगारवाल्याकडून मी एक जुना लाकडी दस्ता घेतला. तो कोणी विकला हे भंगारवाल्याने सांगितलं. मूळ कोणत्या काडतुसाच्या रायफलचा, हे त्यालाही माहीत नव्हतं.

परतीच्या जीपची वाट पाहत थांब्यावर बसलो होतो, तेव्हा बाकावरचा म्हातारा म्हणाला, “पाहू द्या बरं.”

त्याने दस्ता मांडीवर उलटा घेऊन मॅगझिनच्या खाचेतली धूळ फुंकली. बंडीच्या खिशातून पितळेचं रिकामं काडतूस काढलं, खाचेत ठेवलं आणि पुढे गोळीच्या जागी करंगळीचं टोक टेकवलं. खाच नेमकी भरली. करंगळी त्याने लगेच काढली नाही.

“हेच लागते याले.”

“हे कुठून आलं तुमच्याजवळ?”

“माहा भाऊ तुरीत होता. डुक्कर समजून कोनंतरी बार टाकला, तिथंच गेला तो. हे वावराच्या धुऱ्यावर सापडलं. तवापासून जुनी बंदूक दिसली का लावून पाह्यतो.”

विकणाऱ्याचं नाव ओठांवर आलं.

“नाव नका सांगू,” तो झटकन म्हणाला. “असे दस्ते लय असतीन. अन् हाच असला, तं मले माह्या हाताचा भरोसा नाही.”

जीप आली. त्याने दस्ता माझ्या हाती दिला, पण सोडला नाही.

“बार टाकाच्या आंधी आवाज देत जा. माणूस असन, तं ओ देईन.”