दादाची गाडी नकाशावर थांबली तेव्हा

भुताखेतांच्या गोष्टी इथे वाचतो, पण मनातल्या मनात हसतो, हे आधीच कबूल करतो. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्समध्ये वीस वर्षं काढली. मशीन बिघडलं की कारण असतं, ते शोधायचं, एवढंच मला येतं.

दुसरा नाद हॅम रेडिओचा, म्हणजे घरच्या बिनतारी संचावरून हवेतून संदेश पाठवायचा. रीतसर लायसन्स आहे. चिंचवडला आमच्या गच्चीवर अँटेना आहे. मोठा भाऊ पिकअप चालवायचा, भोसरीहून चाकणला माल पोचवायचा. त्याला शुगर. एकदा गाडी चालवताना चक्कर आली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, भावजी, यांच्यावर लक्ष ठेवा. मग मी गाडीत रेडिओ ट्रॅकर बसवला. किल्ली फिरवली की तो सुरू होतो आणि दर मिनिटाला गाडीची जागा, वेग, इंजिनचं तापमान हवेतून पाठवतो. ते माझ्या कॉम्प्युटरवर नकाशात दिसतं. मोबाईलवर फुकटात दिसतं की हे, असं म्हणून बायको चिडवायची. पण मला स्वतः बनवलेल्या वस्तूचं कौतुक भारी...

त्या गुरुवारी मला सुट्टी होती. सकाळी साडेअकराला चहा घेऊन बसलो, तर दादाची गाडी इंद्रायणीचा पूल ओलांडून निघोजेच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभी. वेग शून्य. इंजिनचं तापमान चौऱ्याऐंशी, मग ऐंशी, मग शहात्तर. म्हणजे किल्ली चालू, पण इंजिन बंद पडून गार होत चाललेलं. लगेच फोन लावला.

दादाने दुसऱ्या रिंगला उचलला. "आरं मी आणखी भोसरीतच हाय. माल भरायलेत. किल्ली खिशात हाय माझ्या."

मग मी नीट पाहिलं. ट्रॅकर जागेबरोबर सॅटेलाइटकडून आलेली वेळही पाठवतो. त्या पॅकेटवर, म्हणजे हवेतून आलेल्या त्या संदेशावर, वेळ होती दुपारी एक वाजून दहा मिनिटं. पुढची. जुनं पॅकेट उशिरा येतं, हे नेहमीचंच. पण पुढच्या वेळेचं कसं येईल? मला एकदम हायसं वाटलं, सापडलं कारण! घड्याळ बिघडलंय, म्हणजे जागाही चुकीचीच. दादाला सगळं सांगितलं.

"मग आज जाऊ का नको?" त्याने विचारलं. "तू म्हनशील तसं."

माझ्या रेडिओवर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता, राव.

मी म्हणालो, "जा रे दादा. घड्याळच पुढं पळतंय त्याचं. रविवारी उघडून बघतो."

एक वाजून गेला तसं मला बसवेना. सव्वाला फोन केला. रिंग नुसतीच वाजत राहिली. परत केला, परत केला... बाईक काढली. त्या रस्त्यावर ट्रक पुढे सरकेनात, मी हॉर्न वाजवत होतो आणि रडत होतो.

गाडी तिथेच होती. किल्ली चालू, इंजिन बंद, दादा स्टेअरिंगवर डोकं टेकून. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, अर्धा तास आधी आणायला हवं होतं. अर्धा तास! माझ्या हातात दीड तास होता.

घरी येऊन कॉम्प्युटरवरचा नोंदींचा लॉग पाहिला. दुपारी त्या जागेवरून एकही पॅकेट आलेलं नव्हतं. होती ती फक्त सकाळची. ट्रॅकर उघडला, वायर न् वायर तपासली. हॅम रेडिओच्या ग्रुपमधल्या जुन्या मंडळींना लॉग दाखवला. कोणी म्हणालं सॉफ्टवेअर, कोणी म्हणालं सॅटेलाइट, पण नेमकी तीच जागा कशी, ते कोणालाच सांगता येईना. मलाही येत नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी विचारलं, "भावजी, तुम्हाला सगळं दिसतं म्हनला होता ना त्यात? मग गाडी थांबलेली दिसली नाही का?"

मी म्हणालो, "मशीन बंद होतं वहिनी त्या दिवशी."

त्यांनी मान हलवली आणि मला जेवायला वाढलं.