आईच्या डोळ्यातलं जुनं भिंग

आईचा चष्मा सुटला तेव्हा घरात खीर झाली होती. सत्तरीला टेकलेली बाई, आणि एका सकाळी पोथीतली बारीक अक्षरं नुसत्या डोळ्यांनी वाचू लागली. गावाजवळच्या पट्टीश्वरमच्या देवीला तिनं डोळ्यांसाठी नवस केला होता. तो फेडायला गेली, चांदीचे डोळे वाहिले आणि चष्माही तिथंच ठेवून आली. मीही तेव्हा फार खूश होतो. आता ते आठवलं की थकायला होतं.

पुढे एका संध्याकाळी कॉलेजच्या लायब्ररीतल्या कामावरून परतलो, दारात उभा राहिलो, तर ती आतून तमिळमध्ये म्हणाली, "आज दूध नको. उद्या या."

पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहून आमची मराठी उंबऱ्याच्या आतली, तमिळ बाहेरची. उभ्या जन्मात आई माझ्याशी तमिळ बोलली नव्हती.

"अगं, मी आहे."

"मग बोलायचं नाही का? खांबासारखा उभा! दूधवाला निदान हाक तरी मारतो."

त्याच सुमारास ती परटाशी भांडू लागली. पांढरी धोतरं पिवळी करून आणतो म्हणून. धोतरं पांढरीच होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी विजेरी लावून पाहिलं. म्हणाले, "मोतीबिंदू आहे. आतलं भिंग घट्ट होतंय, म्हणून थोडे दिवस जवळचं चष्म्याशिवाय दिसतं. लांबचं गेलंच आहे, मग हेही जाईल. भिंग काढायला हवं."

"देवीनं दिलेलं हे डॉक्टर काढून टाकणार!" आई रस्त्यावर येताच मला म्हणाली.

तिची समजूत काढायला मी लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक आणलं. ती डाळ निवडत होती, मी समोर बसून सांगत होतो. भिंग प्रथिनांचं असतं. त्यावर कांद्यासारखे थर चढत जातात, जुनं काही बाहेर पडत नाही. वय झालं की ती प्रथिनं एकमेकांना चिकटतात, पिवळी पडतात, उजेड अडतो. यात देवीचा कोप नाही नि काही नाही. अगदी मधला भाग तर माणूस आईच्या पोटात असताना तयार झालेला असतो.

तिचा हात सुपात थांबला. "माझ्या आईच्या पोटातला?"

"हो."

तिची आई तिरुनीलक्कुडी या गावी, हिच्या जन्माच्या वेळीच बाळंतपणात गेली होती. फोटो नाही, दागिना नाही, लुगडंसुद्धा नाही.

"आणि डॉक्टर ते काढून कुठं टाकणार? बादलीत?"

मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "नाही काढलं तर तुला काहीच दिसणार नाही."

"तू दिसशील की. बोललास म्हणजे."

पुढे कितीदा तरी विचारलं. डॉक्टरही घरी येऊन बोलून गेले. ती नाहीच म्हणाली. आधी डावा डोळा गेला, मग उजवा. पोथी मी वाचून दाखवू लागलो. येताना गल्लीच्या कोपऱ्यापासूनच मोठ्यानं मराठीत बोलत यायचो: मी आहे गं, मीच, आज केळफूल आणलंय, उकाडा फार आहे. समोरच्या ओट्यावरचे म्हातारे तमिळमध्ये चेष्टा करायचे, "आले रायर! भाषण सुरू!" आम्हा मराठी लोकांना तिथं रायरच म्हणतात.

गेल्या महिन्यात आई गेली. दिवसकार्य उरकून पहिल्यांदा कामावर गेलो आणि संध्याकाळी परतलो. कोपऱ्यावर वळताच तोंडातून निघालंच, "मी आहे गं, मीच."

ओट्यावर कोणी हसलं नाही.