तोंडातला रुपया

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. एका राणीछाप रुपयाचं प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. तेव्हा मी पुसद भागात ठाणेदार होतो. कापसाला भाव नव्हता आणि बंजाऱ्यांच्या तांड्यातांड्यांतून बायकांच्या अंगावरची चांदी बाजारात येत होती. ठाण्यात रोज भांडणं यायची. घरात चणचण असली की माणसाला शेजाऱ्याची कोंबडीसुद्धा वैरीण वाटते. पण मेलेल्या बाईच्या वतीनं तक्रार त्याआधी कधी आली नव्हती.

ती घेऊन आले एक म्हातारे चाचा. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. जुन्या नाण्यांची पारख करावी तर त्यांनीच, असा त्यांचा लौकिक होता. त्यांनी कागदाची पुडी माझ्या टेबलावर ठेवली आणि हात पुसून घेतले.

"साब, हा रुपया मी दीड वर्षाआधी पाह्यला होता," ते म्हणाले. "एक म्हातारी घेऊन आलती तांड्यावरून. आता ते मेली. हा तिच्या तोंडात घालून तिले पुरलं. अन् काल हा माह्या दुकानात आला."

पुडी मी उघडली. रुपयाला काळी माती चिकटली होती आणि राणीच्या गालावर कुंकवाचा पुसट डाग होता. हाच तो रुपया कशावरून, असं मी विचारलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि मला शिकवणीच दिली. अठराशे बासष्ट सालचे रुपये टांकसाळीनं पुढेही बरीच वर्षं पाडले. सन तोच, राणी तीच, फरक फक्त सनाजवळच्या बारीक ठिपक्यांचा. काही ठिपक्यांचे रुपये ढिगानं मिळतात, त्यांना चांदीचा भाव, म्हणजे दोनशेच्या आसपास. काही मात्र शोधूनही सापडत नाहीत. हा त्यातला होता, शिवाय राणीच्या कानाजवळ जुना चरा होता.

"पंधरा हजाराचा माल हाय साब. अन् हे आयका."

त्यांनी रुपया बोटावर उडवून टेबलावर पाडला. चांदीचा रुपया कसा खणखणतो ते आपल्याला ठाऊक आहे. हा ओल्या मातीचं ढेकूळ पडावं तसा पडला. दारात उभा असलेला आमचा हवालदार दोन पावलं मागं सरकला.

रुपया विकायला आणला होता म्हातारीच्या धाकट्या सुनेनं. ती विधवा होती, पदरात एक मुलगी. चाचांनी तिला "बाजाराच्या दिवशी ये" सांगून रुपया ठेवून घेतला होता. पण दुकानात बसलेल्यांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? मी तांड्यावर पोचलो तोवर तिथं निकाल लागून गेला होता. सुनेनं कबर उकरली, मेलेल्या सासूच्या तोंडात हात घातला, आता म्हातारी तांड्यावर फिरते. तिला मुलीसकट हाकलायचं ठरलं होतं. थोरला दीर फिर्याद द्यायला तयारच बसला होता. एका घराची विहीर अचानक आटली, त्याचाही दोष तिच्यावरच आला होता.

फिर्याद घेतली, रुपया जप्त केला. जप्ती पंचनाम्यात मुद्देमालाची किंमत लिहावी लागते. मी चाचांचा जबाब घेऊन भरचौकात, सगळ्या तांड्यासमोर वाचला : अंदाजे पंधरा हजार. माणसं एकदम गप्प झाली. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता.

बाईची चौकशी महिला पोलिसांसमोर दोन दिवस केली. रुपया कुठून आणला? उत्तर नाही. कबर उकरली का? "नाही." मग तोंडात घातलेला रुपया बाहेर कसा आला? ती जमिनीकडे बघून एवढंच म्हणायची, "मले याडीची आन हाय." याडी म्हणजे आई, तिची सासू. खोटं बोलणारा माणूस बडबडतो, हा माझा अनुभव. ही बाई बोलतच नव्हती, त्यामुळे मी चिडलो होतो हे कबूल करतो.

शेवटी तहसीलदारांच्या परवानगीनं, सरकारी डॉक्टरांसमोर कबर उघडायचं ठरलं. भर दुपार होती. कबरीच्या दोन्ही बाजूंनी कापूस फुटून लोंबत होता. सगळ्या शिवारात वेचणी चालू असताना त्या पट्ट्यात मात्र एकही बाई उतरली नव्हती. कबरीवर दगड आणि बाभळीच्या काट्या होत्या आणि त्यांतून वर्षाचं गवत उगवून वाळलं होतं. दगड हललेले दिसत नव्हते. तरीही खणायला लावलं, कारण संशय गवतावर विश्वास ठेवत नाही.

मयताचा जबडा रिवाजाप्रमाणे कपड्यानं बांधलेला होता. कापड तसंच होतं. डॉक्टरांनी ते कापलं आणि वाकून बसले ते वाकूनच राहिले. दातांच्या फटीत एक रुपया उभा होता. त्यांनी चिमट्यानं ओढला, तो येईना. दुसऱ्यांदा ओढला, तरी येईना.

"याडी देऊन नाही राह्यली," तांड्याचा नायक हळूच म्हणाला. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण तिसऱ्या ओढीला तो रुपया सुटला, तेव्हा मीही एक पाऊल मागं सरकलो होतो.

पारखीसाठी बरोबर आणलेल्या चाचांनी तो पुसला. साधा, ढिगातला रुपया. वरच्या कडेला मात्र एक खरखरीत जागा होती.

"इथं कडी होती, माळेत ओवाची. कोनंतरी काढून दगडावर घासली."

नायकानं रिवाज सांगितला. कडीचा किंवा भोकाचा रुपया मेलेल्याच्या तोंडात चालत नाही, तो सबूत, म्हणजे अखंड लागतो. म्हातारीनं म्हणूनच एक रुपया जन्मभर कडीविना जपला होता आणि कडी नव्हती म्हणूनच त्याला एवढी किंमत होती. कडी लागली की शौकीन त्याला हात लावत नाहीत.

म्हातारीची माळ आता थोरल्या सुनेकडे होती. मागवली, तर एक रुपया कमी. मी तो कबरीतला रुपया तिच्यापुढे ठेवला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"याडीनं सोताच काढला. पाट्यावर घासून राह्यली होती, मरायच्या आठ दिस आधी. म्या पाह्यलं."

"मग इतके दिवस का नाही सांगितलंस?"

"इचारलं कोनं मले?"

खरंच, कोणी विचारलं नव्हतं. मी दिराचा जबाब घेतला, नायकाचा घेतला, चाचांचा दोनदा घेतला. घरात सासूजवळ जी बाई रोज बसायची, तिला मी पाणी मागण्यापलीकडे काही बोललो नव्हतो.

मग धाकटीनंही तोंड उघडलं. दीड वर्षापूर्वी म्हातारी रुपया दाखवायला गेली तेव्हा चाचांनी दुकानात किंमत मोठ्यानं सांगितली, त्या दिवसापासून थोरला मुलगा त्या रुपयामागं लागला होता. म्हातारीनं तो गुपचूप धाकटीला दिला, नातीच्या शिक्षणासाठी. तोंडात साधाच घाल, आणि कोणाला सांगू नको, अशी शपथ घातली. सगळ्यांना वाटावं की तो मातीत गेला. धाकटीनं तो चुलीखाली पुरून ठेवला होता. काळी माती तिथली होती आणि कुंकू म्हातारीच्याच बोटाचं.

सी समरी होऊन, म्हणजे फिर्याद गैरसमजातून झाली असा शेरा मिळून, प्रकरण मिटलं. न्यायालयाच्या आदेशानं रुपया बाईच्या ताब्यात दिला. चाचांनी सवयीनं तो टेबलावर वाजवला, तर खणखणीत वाजला. धुतला होता म्हणून, असं मी हवालदाराला सांगितलं. त्यालाही ते पटलं नाही आणि मलाही.

तांड्यानं तिला परत घेतलं. पण महिन्याभरात दोनदा कोणीतरी तिची चूल उकरून टाकली. एकदा मुलगी शाळेतून येताना दोघांनी तिला अडवून रुपया कुठं आहे म्हणून विचारलं. बाई थेट चाचांच्या दुकानात आली. मी तिथं घड्याळाच्या पट्ट्यासाठी बसलो होतो.

"चाचा, याले कडी लावून द्या."

"बेटी, पागल झाली काय? दोनशेचा होऊन जाईन!"

"तेच पायजे. चारचौघांत लावा."

"अन् पोरीचं शिक्षन?"

"पोरगी जित्ती राह्यली तं शिकन."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. बंदोबस्त ठेवतो, असं मी म्हणायला हवं होतं. पण तांड्यावर रोज शिपाई कुठून आणणार? मी घड्याळाचा पट्टा मनगटावर बांधत राहिलो. दुकानासमोर दहा-बारा माणसं जमली. चाचांनी कडी रुपयाला टेकवून सांध्याला डाग दिला. पहिला नीट बसला नाही, दुसऱ्यांदा द्यावा लागला. बाईनं दोऱ्यात ओवून रुपया गळ्यात घातला आणि बाजारातून चालत गेली. त्यानंतर तिच्या वाटेला कोणी गेलं नाही.

पुढे मुद्देमालाची किंमत मी कधीच लोकांसमोर वाचली नाही. घरातल्या बायकांचे जबाब आधी घेऊ लागलो. एवढं या प्रकरणानं मला शिकवलं. तिला निर्दोष ठरवणारे कागद माझ्या सहीचे होते. तिला वाचवलं मात्र तिनंच, सासूनं दिलेलं एकुलतं एक धन आमच्या डोळ्यांदेखत मोडून.