परक्या माणसाची सही

लान्स दूसे गावात नात्याबाहेरचा माणूस शोधायचा म्हणजे कोळंबीच्या जाळ्यात ससा शोधण्यापैकी काम. खाडीच्या एका काठावर सगळे दूसे आडनावाचे, दुसऱ्या काठावर सगळे शेरामी आडनावाचे, आणि मधल्या पुलावरून इतक्या नवऱ्या इकडून तिकडे गेलेल्या की कोण कोणाचा काय लागतो हे सांगायला आता म्हातारी माणसंच लागतात. तीही सांगता सांगता भांडतात.

व्हर्लिन दूसे याच गावची. सरकारमान्य अकाउंटंट व्हायचं तिने मनात घेतलं तेव्हा ती तिशीतली बाई होती, एका नवऱ्याला कंटाळलेली. गावातल्या बोटवाल्यांचे, खाणावळवाल्यांचे हिशेब एकटे ओडिलॉनकाका बघत. त्यांच्या ऑफिसात ती दिवसभर काम करायची आणि संध्याकाळी गाडी हाकत शहरातल्या कॉलेजात जायची. ओडिलॉनकाकांनी सांगून ठेवलं होतं, "मी थकलो की हे ऑफिस तुझं. पण राज्याचा परवाना आण. त्याशिवाय दारावर तुझं नाव लावता येणार नाही."

आता राज्याच्या मागण्या ऐका. पदवी हवी. बरं, पदवी घेतली. नुसत्या पदवीने भागत नाही, वर आणखी वर्षभराचं शिक्षण हवं. कशाचं? ते राज्य फारसं विचारत नाही. व्हर्लिनला संध्याकाळच्या वेळी जे वर्ग मिळाले त्यांत ती बसली. एका वर्गात जड चेंडू घरंगळत सोडून लाकडी बाहुल्या पाडायला शिकली. दुसऱ्यात द्राक्षाच्या दारूचा इतिहास शिकली. गावातल्या बोटवाल्यांचे हिशेब त्यामुळे किती सुधारले ते राज्यालाच ठाऊक. मग चार मोठ्या परीक्षा. एक पास व्हावी तोवर आधी पास झालेलीची मुदत संपत यायची. म्हणजे फुटक्या होडीतून पाणी उपसण्याचाच प्रकार. तेही तिने केलं. नीतीचीही एक परीक्षा होती, ती घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून द्यायची. नीती पुस्तकात बघून लिहिता येते असं राज्याचं मत दिसतं.

सगळं झालं. ओडिलॉनकाकांनी तिच्या कामाचा दाखला दिला. ते तिच्या बापाचे चुलतभाऊ, पण त्याची राज्याला हरकत नाही. नातलगाने काम शिकवलेलं चालतं.

चालत नाही ते पुढचं. शेवटचा कागद चांगल्या चारित्र्याचा. तिला निदान पाच वर्षं ओळखणाऱ्या तीन माणसांनी लिहून द्यायचं की ही बाई खरं बोलते, शब्द पाळते. आणि त्या तिघांपैकी कोणीही रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातलं नको. खाली व्हर्लिनने शपथेवर सही करायची की वरचं सगळं खरं आहे.

ज्या कोणा शहाण्याने हे लिहिलं असेल तो मोठ्या शहरात वाढलेला असणार. शेजाऱ्याचं नावही ठाऊक नसतं अशा ठिकाणी. लान्स दूसेमध्ये पोस्टमास्तर तिचा आतेभाऊ, पोलीस तिच्या मावसबहिणीचा नवरा, डॉक्टरीणबाई तिच्या वहिनीची सख्खी बहीण. पाद्री परके, पण ते गावात येऊन वर्षच झालेलं, त्यांना अजून गम्बोतली, म्हणजे आमच्या कोळंबीच्या रश्श्यातली, भेंडीसुद्धा सोसत नव्हती.

दोन माणसं मात्र सापडली. बोटींना बर्फ पुरवणाऱ्या धक्क्याचे मालक दोआन हे व्हिएतनामहून आलेले, आणि निवृत्त शाळाबाई मिस हॅल्वरसन या उत्तरेकडच्या बर्फातून आलेल्या. दोघांनी आनंदाने लिहून दिलं. तिसरा माणूस काही मिळेना.

आणि वेळही थोडा होता. ओडिलॉनकाका महिनाअखेरीस ऑफिस बंद करणार होते. शहरातली एक मोठी कंपनी ते गिऱ्हाइकांसकट घ्यायला टपली होती. व्हर्लिनचा अर्ज त्याआधी पुरा झाला तर ऑफिस तिचं, नाहीतर तिला त्याच खुर्चीवर कंपनीची नोकर म्हणून बसावं लागणार होतं.

बियाट्रिसमावशीला तर हा सगळा पोरखेळ वाटला. व्हर्लिन आणि तिची धाकटी मावसबहीण लनेल, दोघींना आई नसल्यामुळे मावशीनेच एका घरात वाढवलेलं. त्यामुळे तिला बोलायचा हक्क होता आणि तो ती कधी वाया घालवत नसे.

"पोस्टमास्तरकडून घे सही आणि लिही, नातं नाही. राजधानीतला माणूस काय इथे येऊन आपल्या पणज्या मोजणार आहे?"

"मावशी, मी खरं बोलते असं लिहिलेल्या कागदावर मी खोटं कसं लिहू?"

"सगळे तसंच लिहितात गं."

"म्हणून तर सगळ्यांना परवाना मिळतो," व्हर्लिन म्हणाली. मावशी कोळंबी सोलत होती. तिने एक कोळंबी डोक्यासकट भांड्यात टाकली, इतकी ती चिडली. पण चिडल्यावरच मावशीचं डोकं चालतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मग वॉलेसकडे जा."

वॉलेस ग्वित्रो म्हणजे व्हर्लिनचा सोडलेला नवरा. तो भाताच्या शेतांकडचा, इथे बोटीवर कामाला आला आणि राहिला, त्यामुळे रक्ताचं नातं नाही. घटस्फोट झालेला, त्यामुळे लग्नाचंही नाही. ओळख भरपूर. कायद्याने बघायला गेलं तर गावात त्याच्याइतका परका माणूस दुसरा नव्हता.

फक्त एक अडचण होती. येत्या शनिवारी वॉलेसचं लग्न होतं, आणि नवरी होती लनेल. शनिवारी दुपारी पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला की तो पुन्हा नातलग होणार.

लनेलने त्याच्यात काय पाहिलं ते तीच जाणे. वॉलेस दिसायला बरा, नाचायला उठला की सगळ्यांना दिसेल अशा जागी उभा राहणारा. व्हर्लिन कॉलेजला जायची त्या दिवसांत तो पुलावर बसून लोकांना सांगायचा की माझी बायको दारूचा इतिहास शिकते आणि वर्तमानकाळ मला एकट्याला सांभाळावा लागतो. लोक हसायचे. पुढे एकदा दोघांच्या कराच्या कागदावर सही करायच्या आधी तिने त्याच्या बोटीच्या डिझेलच्या पावत्या बघितल्या. बोट समुद्रापार चालवत नेली असती तरी तेवढं डिझेल जळलं नसतं. ती म्हणाली, यावर मी सही करणार नाही. तो म्हणाला, मग तू बायको कसली. तिने विचार केला आणि तिला ते पटलं.

मंगळवारी ती त्याच्याकडे गेली. अंगणात लग्नाचं डुक्कर भाजण्यासाठी खड्डा खणायचं काम चालू होतं. खणत होते दुसरे, वॉलेस खुर्ची टाकून सांगत होता. तिने कागद पुढे केला आणि काय हवं ते सरळ सांगितलं. त्याने तो दोनदा वाचला. मग खणणाऱ्यांनाही वाचून दाखवला, सावकाश, चवीचवीने.

"म्हणजे तुझं चारित्र्य बरं आहे हे मी सांगायचं," तो म्हणाला.

"तुला तसं वाटत असेल तर."

"वाटतं ना. वाटणारच. पण माझी एक अट आहे."

तिला वाटलं, पावत्यांचं काही असेल. ती कागद घ्यायला हात पुढे करणार तोच तो म्हणाला, "शनिवारी तू पोछा घेऊन नाचायचंस."

आमच्याकडे धाकट्या भावंडाचं लग्न आधी झालं तर मागे राहिलेल्या थोरल्याने भर मांडवात अनवाणी, फरशी पुसायचा लांब दांड्याचा पोछा हातात धरून नाचायचं असतं. लोक हसतात, टाळ्या वाजवतात. विशीतल्या पोरांना त्यात काही वाटत नाही. चाळिशीला आलेल्या बाईला, तेही सोडलेल्या नवऱ्याच्या लग्नात, नाचायला लावायचं हे फक्त वॉलेसच्याच डोक्यात येऊ शकतं.

"तो नाच बिनलग्नाच्या बहिणीसाठी असतो," व्हर्लिन म्हणाली. "माझं लग्न झालं होतं. तू होतास तिथे."

वॉलेस याचीच वाट बघत होता. चर्चमध्ये दुसरं लग्न लागावं म्हणून त्याने पहिलं चर्चकडून रद्द करून घेतलं होतं, नुसतं मोडलेलं नाही, मुळात झालंच नव्हतं असं. "चर्चच्या हिशेबाने तू अजून कुमारिका आहेस, बाई," तो म्हणाला. खणणाऱ्यांपैकी एकाने फावडं टाकून पोट धरलं.

ऑफिसची काच, त्यावरचं ओडिलॉनकाकांचं नाव, आणि त्या जागी शहरातल्या कंपनीची पाटी, हे सगळं तिला एकदम दिसलं असणार. शिवाय हेही की चौथा परका माणूस गावात नाही.

"नाचेन," ती म्हणाली. "पण सही आत्ता. शनिवारी तू नातलग होशील."

"आणि सही घेऊन तू शनिवारी आलीच नाहीस तर?"

"येईन म्हणाले ना."

वॉलेसने पेन घेतलं. कधी नव्हे ते त्याने नीट अक्षर काढलं. ही बाई खरं बोलते. ही बाई शब्द पाळते. सही केली, तारीख घातली. असं करून आपण काय केलं हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. सगळी लबाडी त्याने नाचाच्या अटीत खर्च केली होती, आणि नुसत्या तिच्या शब्दावर कागद हातात देऊन मोकळा झाला होता. माणसाचं चारित्र्य कसं असतं ते राज्याने खरं तर इथे येऊन बघायला हवं होतं, पण राज्य फक्त कागद बघतं.

कागद त्याच दुपारी पोस्टात पडला. पोस्टमास्तर आतेभाऊ असल्याने संध्याकाळपर्यंत दोन्ही काठांवर सगळी हकीकत पोचली. आता तिला कोण बांधून ठेवणार, असंच सगळे म्हणत होते. बियाट्रिसमावशी शुक्रवारी सकाळीच तिच्याकडे येऊन बसली. म्हणाली, ताप आलाय म्हणून सांगू या. पाय मुरगळलाय म्हणू. लनेललाही हा तमाशा नको आहे, ती काल रडली.

व्हर्लिन इस्त्री करत होती. "लनेलला सांग, मी तिच्यासाठी येतेय."

"अगं पण कागद गेला ना. मग आता कशाला?"

"मावशी, मी शब्द पाळते असं लिहून गेलंय राज्याकडे. मी नाही गेले तर ते खोटं ठरेल. आणि त्याखाली शपथेवर सही माझीच आहे."

मावशीने कपाळावर हात मारला. राज्याला असली माणसं हवी असतात आणि मग त्यांच्याकडून ते चेंडू फेकून घेतं, असं ती म्हणाली, आणि इस्त्रीचा राहिलेला झगा स्वतःच पुरा केला.

शनिवारी सगळं गाव मांडवात. डुक्कर भाजलेलं, भात, मोठ्या टोपात गम्बो, ॲकॉर्डियनवाला एक दूसे आणि फिडलवाला एक शेरामी. पोछा कोणीतरी दाराजवळ टेकवून ठेवलेला, दांड्याला फीत बांधलेली. वॉलेस नव्या कोटात मधोमध उभा राहिला आणि बोलावणं देऊ लागला, म्हणाला आमच्या घरात एक कुमारिका राहून गेली आहे. लोक हसले. हसायचंच, लग्न होतं.

व्हर्लिनने बूट काढले, एकावर एक नीट ठेवले आणि पोछा घेतला. असल्या नाचात लोक एक गिरकी घेऊन, तोंड लपवून पळतात. ती पळाली नाही. वाजवणाऱ्यांना म्हणाली, वॉल्ट्झ वाजवा, आणि सबंध वाजवा. मग पोछ्याला अदबीने कमरेपाशी धरून ती पूर्ण मांडव फिरली, कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांपासून नवरीच्या खुर्चीपर्यंत. पहिल्या फेरीला लोक हसले. दुसरीला हसू थोडं विरळ झालं, कारण ती बरी नाचत होती आणि वॉलेसला मधोमध उभं राहून पुढे काय करावं ते कळेना. तो बाजूला सरकला, तर ती तिथूनच गेली.

"तुझ्यापेक्षा बरा आहे हा," जाता जाता ती त्याला म्हणाली. "पायावर पाय देत नाही."

हे ॲकॉर्डियनवाल्याने ऐकलं आणि त्याचा सूर चुकला. लनेल तोंडावर जाळी ओढून हसत होती, लग्नाच्या दिवशी तिला पहिल्यांदाच हसू आलं होतं. गाणं संपलं तशी व्हर्लिनने पोछा दाराशी नेऊन ठेवला, बूट घातले आणि भात वाढून घेतला.

परवाना पुढच्या आठवड्यात आला, महिना संपायच्या आत. ओडिलॉनकाकांनी स्वतः काचेवरचं आपलं नाव खरवडलं, आणि शहरातल्या कंपनीचा माणूस गावात जेवून, ऑफिस न घेताच परत गेला.

वॉलेस आजही पुलावर बसून सांगतो की व्हर्लिनला अकाउंटंट मी केलं, माझ्या एका सहीवर राज्याने तिला परवाना दिला. कोणी त्याला नाही म्हणत नाही, खरंच आहे ते. फक्त स्वतःचा हिशेब घेऊन तो तिच्या दारात कधी जात नाही. डिझेलच्या पावत्या पिशवीत भरून दरवर्षी पार शहरात जातो, त्या मोठ्या कंपनीकडे. व्हर्लिन खोटा आकडा लिहीत नाही याची त्याच्याइतकी खात्री गावात कोणालाच नाही. तसं त्याने लिहूनच दिलेलं आहे.